मैना का उधळली?

"मी पडले. हाड माझं मोडलं. आणि फाशी घोडीला?"

खुर्चीवर बसायच्या आधीच बाईने हे विचारलं. पस्तिशीची, सडपातळ, उजवा हात गळ्यात बांधलेला. गोवंडीहून दोन बसगाड्या बदलून ती एकटी आली होती.

सुगंधा तोरसकरने चहाचा कप खाली ठेवला. अंधेरी पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या वर तिचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. बारा वर्षं विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडल्यावर तिने स्वतःचा तपासाचा धंदा काढला होता. दुसऱ्या टेबलाशी तिचे मामा, दादू कांदळगावकर. कापड गिरणीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. संपानंतर गिरणी काही उघडली नाही. तेव्हापासून मामा भाचीच्या फायली लावत आणि प्रत्येक प्रकरणात न चुकता चुकीच्या माणसावर संशय घेत.

"आधी बसा," सुगंधा म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांगा."

बाईचं नाव द्रौपदी हिवराळे. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती झाडूकाम करायची. नवरा धोंडिराम तिथेच प्रेसवर. गेल्या मे महिन्यात तो प्रेसमध्ये सापडून गेला.

"हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते. मॅनेजरने ती काढायला लावली, काम भराभर व्हावं म्हणून. मी तिथे झाडत होते. माझ्या डोळ्यांदेखत काढली. तिसऱ्या दिवशी हे गेले."

"तुम्ही सांगितलंत कोणाला?"

"नाही. माझा आवाजच गेला. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द फुटेना. हॉस्पिटलातल्या बाईंनी दिंडोशीला पाठवलं. तिथे सुलक्षणाबाई धुरींकडे घोडे आहेत. आमच्यासारख्यांना त्या घोड्यावर बसवतात. मी मैनावर बसायला लागले. नोव्हेंबरात पहिल्यांदा बोलले. मैनाशी. सोमवारी कामगार खात्याची चौकशी आहे. तिथे बोलणार आहे."

"आणि पडलात कधी?"

"संक्रांतीला, मंगळवारी. मैना एकदम उधळली. आता शेजारच्या कॉलनीचे सेक्रेटरी म्हणतात, घोडी पिसाळलीय, तिला सुई द्या, तबेला बंद करा. तक्रारीवर माझी निशाणी हवीय. कागद इंग्रजीत आहे. हात मोडलाय तर डावा अंगठा चालेल म्हणतात." तिचा आवाज चढला. "अंगठा देणार नाही मी. रात्रशाळेत जाऊन सही शिकलेय. हात बरा होईपर्यंत थांबा म्हटलं, तर थांबायला कोणी तयार नाही."

"मैना पिसाळलेली नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"पिसाळलेली असती तर मी पडल्यावर तुडवून गेली असती. ती थांबली. थरथरत उभी राहिली माझ्यापाशी. तिला कोणीतरी काहीतरी केलंय, बाई. कोणी ते तुम्ही शोधा."

द्रौपदी जिना उतरून गेल्यावर मामा म्हणाले, "सेक्रेटरीच तो. दुसरो कोण असतलो?"

"मामा, अजून आपण घोडीसुद्धा पाहिली नाही."

*

दिंडोशीच्या टेकडीच्या पायथ्याशी, नव्या कॉलन्यांच्या भिंतीला लागून, पत्र्याखाली चार घोडे उभे होते. पुढे लाकडी कुंपणाचं रेतीचं गोल रिंगण.

सुलक्षणा धुरी पन्नाशीची, पायात गुडघ्यापर्यंत बूट. सकाळी सहा ते आठ पोरांना घोडेस्वारी शिकवायची आणि त्यानंतर हॉस्पिटलातून पाठवलेल्या माणसांना घ्यायची.

"डॉक्टर हसतात मला," ती म्हणाली. "म्हणतात, बाई, हे औषध कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हणते, हसा. एक माणूस सहा महिने बोलत नाही, तुमच्या गोळ्यांनी बोलत नाही, आणि इथे येऊन बोलतो. इथे कोणी प्रश्न विचारत नाही ना. घोडा फक्त श्वास ओळखतो. तुम्ही घाबरलात की तो थबकतो. तुम्ही सावरलात की चालतो. माणसाला आपलं आपल्याला कळायला लागतं."

"मंगळवारी काय झालं?"

"साडेआठची वेळ. मैना चालीवर होती. गुणाजी लगाम धरून तिच्या डाव्या बाजूने चालत होता. मी फाटकाशी साटमांशी भांडत होते, कॉलनीचे सेक्रेटरी. माशा येतात म्हणून दर आठवड्याला येतात. रिंगणाकडे माझी पाठ होती. किंकाळी ऐकून वळले, तोवर द्रौपदी रेतीत."

"रिंगणाजवळ आणखी कोण होतं?"

"तिचा दीर, काशीराम. तिला घेऊन येतो आणि पलीकडे कुंपणाबाहेर झाडाखाली बसून राहतो. घोड्यांना भितो, कधी जवळ येत नाही. त्यानेच काय ते पाहिलं. कापलेला पतंग तरंगत आला, मैनाच्या उजव्या बाजूने खाली उतरला आणि त्याला बघून ती बुजली म्हणाला. हा बघा."

खोगिरांच्या खोलीत खिळ्याला एक लाल पतंग अडकवलेला होता. सुगंधाने तो काढून उन्हासमोर धरला. उलटसुलट करून पाहिला. टाचणीच्या टोकाएवढाही उजेड कुठून आरपार आला नाही.

"झकास आहे," मामा म्हणाले. "दिंडोशीची पोरं असले पतंग सोडतात होय?"

मैना आपल्या खणात उभी होती, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. मामा तिच्या उजव्या अंगाला गेले. तिच्या डोळ्याशी माशी घोंघावत होती. मामांनी हाताने झटकन हाकलली. मैना ढिम्म. मग मामांना खोकला आला, तशी घोडी दचकली आणि सगळी मान फिरवून डाव्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहू लागली.

"बघितलंस गो?" मामा मागे सरकत म्हणाले. "नुसत्या खोकल्याला बिथरते! सेक्रेटरी म्हणतो त्यात काहीतरी आहे."

सुगंधाने सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणाने नजर चुकवली.

मोतद्दार गुणाजी साठीचा, वेंगुर्ल्याकडचा. खरारा करता करता बोलत होता.

"वीस वर्षं घोड्यांत काढली. मैनेसारखी गरीब घोडी नाही. आम्ही रिंगणात डावी घालून चाललो होतो, नेहमीसारखे."

"म्हणजे तिची डावी बाजू आत आणि उजवी कुंपणाकडे?"

"हां. मैनेला बाई तशीच चालवायला सांगतात. तर मध्येच तिने आत उडी घेतली, माझ्या अंगावर. इंगळी डसावी तशी. मी खाली, वहिनी पलीकडे."

"पतंग दिसला?"

"मी पडल्यावर दिसला. कुंपणाच्या आत पडला होता. येताना नाही बघितला."

"तिच्या अंगावर काही खूण?"

गुणाजीने मैनाच्या उजव्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. सुपारीएवढी सूज होती. "ही त्या दिवशीच आली. कुंपणाला आपटली असेल."

"ती तर आत उडाली. कुंपणाला कशी आपटेल?"

गुणाजीने सुजेवरून पुन्हा बोट फिरवलं.

"काशीराम कसा माणूस आहे?"

"चांगला आहे बिचारा. भावजयीला आणतो, नेतो. बसल्या बसल्या बेचकीने माझ्या चण्याच्या पाटीवरचे कावळे हाकलतो. नेम एकदम पक्का."

बाहेर पडताना मामा रिंगणाच्या कुंपणाशी थांबले. चपलेत काहीतरी गेलं होतं. त्यांनी चप्पल झटकली, तशी चकचकीत पोलादाची गोळी बाहेर पडली, वाटाण्याएवढी.

"पोरांची गोटी," असं म्हणून ते ती फेकणार, तोच सुगंधाने हात पुढे केला.

*

चंद्रप्रकाश साटमांच्या दिवाणखान्यात तीन फायली तयार होत्या. गृहस्थ सरळ होते, पण चिडके.

"मॅडम, मला घोड्यांचा राग नाही. मला माशांचा राग आहे. माझ्या घरात लहान नात आहे. आता तर बाई पडली! उद्या पोरगं पडलं म्हणजे?"

"तक्रारीचा कागद बघू."

चार पानं, इंग्रजीत टाइप केलेली. सुगंधाने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं दोनदा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी एक पान दिलं होतं, मराठीत. काशीराम म्हणाला, इंग्रजीत असलेलं वजनदार दिसतं, मी ओळखीच्या वकिलाकडून करून आणतो. चार पानं करून आणलीन! आपल्याला काय, कायद्याची भाषा. पहिलं पान वाचलं, माझा मजकूर आहे त्यात. शेवटी सही. बस्स."

"म्युनिसिपालिटीत सुनावणी कधी?"

"एकतीस तारखेला."

"आज सतरा. मग अंगठ्याची इतकी घाई कशाला?"

साटम गोंधळले. "काशीराम म्हणतो, सोमवारच्या आत झालेलं बरं. वहिनीचं मन पुन्हा फिरेल."

काशीराम त्यांना दुपारी कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. तिशीतला, बारीक मिशी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सुगंधा काय विचारतेय ते त्याने नीट ऐकून घेतलं.

"वहिनीचं वाईट व्हावं असं मला वाटेल का? दादाच्या मागे मीच बघतोय सगळं. माझं म्हणणं एवढंच, आता तिने घरी बसावं. घोडे नकोत, साहेबांसमोर जाणं नको."

"पतंग कुठून आला?"

"टेकडीकडून. संक्रांत होती ना, आभाळ भरलं होतं पतंगांनी. एक कापला, हळूहळू तरंगत आला. घोडीने उजवीकडे बघितलं, तिला दिसला, आणि उधळली. वाट लागली सगळी."

"तिने उजवीकडे बघितलं? नक्की?"

"माझ्या डोळ्यांसमोर. अगदी डोळे वटारून."

"त्यात दोरा होता का?"

"तुटका होता थोडा. वाऱ्याने गेला असेल."

"तुम्ही कारखान्यात काय करता?"

"पॅकिंगला आहे. अजून टेंपररीच. सहा वर्षं झाली." त्याने ग्लास ठेवला. "आता करतील कायम."

परतताना मामा म्हणाले, "ह्या पोराची दया येता. बाय गो, माझा संशय आता त्या धुरीबाईवर. ती काहीतरी लपवते."

"लपवते आहेच," सुगंधा म्हणाली. "पण तिने लपवलं म्हणूनच दुसरा माणूस सापडला. मामा, उद्या सकाळी सगळ्यांना रिंगणाशी बोलवा. साटमांना सांगा, अंगठ्याचं काम तिथेच होईल. काशीराम आपणहून येईल."

*

शनिवारी सकाळी नऊ वाजता रिंगणाशी सगळे जमले. साटम फाइल घेऊन, काशीराम शाईचा पॅड घेऊन. द्रौपदी मैनाच्या डाव्या बाजूला उभी राहिली, बरा हात तिच्या मानेवर टाकून.

"वहिनी, चल, एकदा संपवून टाकू," काशीराम म्हणाला.

"संपवूच," सुगंधा म्हणाली. "आधी मामांना एक काम आहे."

मामा मैनाच्या उजव्या बाजूला गेले आणि लाल पतंग तिच्या डोळ्यासमोर अलगद वरून खाली सोडला. मैनाची पापणीसुद्धा हलली नाही.

"पुन्हा सोडा."

पुन्हा तेच.

"सुलक्षणाबाई, तुम्ही सांगता की मी सांगू?"

सुलक्षणाची मान ताठ झाली. "उजव्या डोळ्याने तिला दिसत नाही. दोन वर्षं झाली. म्हणून तिला डावी घालूनच चालवते, म्हणजे चांगला डोळा रिंगणाकडे राहतो. सांगितलं असतं तर एकाही आईबापाने पोर बसवलं नसतं. चूक माझी आहे. पण एका डोळ्याने ती जेवढं सांभाळते, तेवढं दोन डोळ्यांचे घोडे सांभाळत नाहीत."

"आंधळी घोडी!" साटम उसळले. "मग तर—"

"थांबा, साटम. आंधळी आहे म्हणूनच खरं बाहेर आलं. कागदाचा पतंग तरंगत उतरताना आवाज करत नाही. डोळ्यांनी दिसला तरच घोडी बुजणार, आणि त्या बाजूने मैनाला भिंतसुद्धा दिसत नाही. तरी एक माणूस ठासून सांगतो, तिने उजवीकडे डोळे वटारून पतंग पाहिला. तो घोडीजवळ कधी गेलाच नव्हता, म्हणून त्याला हे ठाऊक नव्हतं."

काशीराम हसल्यासारखं करत म्हणाला, "मी लांब होतो. चुकलं असेल माझं."

"हरकत नाही. आता पतंग बघू." तिने तो उन्हासमोर धरला. "मामा, पतंग उडवायला आधी काय करतात?"

"कन्नी बांधतात. मधल्या काडीपाशी भोकं पाडून दोरा ओवतात." मामांनी पतंग हातात घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "ह्याला भोकंच नाहीत गो!"

"दोरा कधी ओवलाच नाही. मग तो आभाळात गेला कसा, आणि कापला कसा? हा पतंग दुकानातून थेट इथे आला. कोणीतरी मैना उधळल्यावर तो कुंपणाच्या आत टाकला. म्हणजे ती उधळणार, हे त्या माणसाला आधीपासून माहीत होतं."

गुणाजीने काशीरामकडे पाहिलं. आता सगळेच पाहत होते.

"गुणाजी म्हणाला, इंगळी डसल्यासारखी मैना आत उडाली. तिच्या उजव्या पुठ्ठ्यावर सूज आहे. ती कुंपणापासून दूर पळाली, म्हणजे मार कुंपणाच्या बाहेरून आला. त्या बाजूला एकच माणूस होता. सुलक्षणाबाई आणि साटम फाटकाशी भांडत होते. गुणाजी घोडीच्या पलीकडे, डाव्या अंगाला. कोणालाच दिसणार नव्हतं. मारलं कशाने?" सुगंधाने तळहात उघडला. "ही गोळी कुंपणाशी रेतीत सापडली. सायकलच्या चाकात बसते ती. इथे सायकल कोणी दुरुस्त करत नाही. पण सायकलचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात असल्या गोळ्या पॅकिंगला येतात. आणि कावळ्यांवर बेचकी मारून नेम पक्का झालेला माणूस इथे एकच आहे."

"कशासाठी पण?" साटम ओरडले. "तबेला बंद होऊन ह्याला काय मिळणार?"

"काहीच नाही. तबेल्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. तुमची फाइल द्या." तिने तिसरं पान काढलं. "घाई सोमवारची होती, एकतीस तारखेची नव्हे. मी मराठीत सांगते. 'मी, द्रौपदी हिवराळे, गेले आठ महिने मनाने अस्थिर आहे. मला नसलेल्या गोष्टी दिसतात. कारखान्यातल्या अपघाताबद्दल मी पूर्वी जे काही बोलले किंवा पुढे बोलेन, ते ह्याच अवस्थेत.' त्याखाली अंगठा. साटम, तुमच्या माशांच्या तक्रारीत हे पान घातलंय. सोमवारी मॅनेजरच्या वकिलाच्या हातात हेच असणार होतं."

साटमांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ते पान ओढून घेऊन वाचलं, बोट ठेवून, ओळ न ओळ.

"माझ्या नावाखाली?" त्यांनी फाइल बंद केली. "हा कागद म्युनिसिपालिटीत जाणार नाही. घोडीचं नाव मी तक्रारीतून काढतो. माशांची तक्रार मात्र राहील!"

"राहू दे," सुलक्षणा म्हणाली. "खत उद्यापासून दोनदा उचलीन."

काशीराम कुंपणाला धरून खाली बसला होता. शाईचा पॅड रेतीत पडला.

"तुला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं, वहिनी. घाबरून घरी बसशील वाटलं. अंगठा देशील. मॅनेजर साहेब म्हणाले, एवढं कर, एक तारखेपासून कायम करतो. सहा वर्षं, वहिनी. सहा वर्षं रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, आज घेतात की नाही बघायला."

द्रौपदी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"प्रेसमध्ये कोण गेलं, काशीराम?"

त्याने मान खाली घातली.

"नाव घे."

"दादा."

"तुझ्या पायात चप्पल त्याने घातली. शाळेत त्याने घातलं. आणि त्याला मारणाऱ्याकडे तू नोकरी मागतोस?" ती रडत नव्हती. "पोलीस चौकीत तुझं नाव मी स्वतः देणार. दीर आहेस म्हणून सोडणार नाही. पण जाळी काढली ते तूही पाहिलंयस. सोमवारी ये. सांगायचं असेल तर सांग. नाही आलास तर मी एकटी सांगेन."

मामा हळूच सुगंधाला म्हणाले, "आणि द्रौपदीला मैनेचा डोळा ठाऊक नव्हता?"

द्रौपदीने ऐकलं. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, मामा. गूळ तिच्या उजव्या बाजूने दिला की ती शोधत राहायची. पण आंधळी म्हटलं असतं तर लोकांनी तिला तेव्हाच मारलं असतं. आणि काशीरामने पतंगाचं तुम्हाला सांगितलं, मला नाही. नाहीतर खोटं तेव्हाच ओळखलं असतं."

*

सोमवारी चौकशीच्या खोलीत बाकं भरली होती. कारखान्याचे बरेच कामगार मागे उभे होते, मॅनेजरकडे न बघता. काशीराम आला नाही.

द्रौपदी वीस मिनिटं बोलली. तारीख, वेळ, कोणी स्क्रू काढले, जाळी कुठल्या कोपऱ्यात टाकली, तिथे झाडताना ती तिने किती दिवस बाजूला सरकवली, सगळं. एकदाही अडखळली नाही. सुलक्षणा घोड्यांना गुणाजीवर सोपवून आली होती; ती पहिल्या बाकावर ताठ बसून होती.

मग कंपनीचा वकील उठला.

"बाई, सहा महिने तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. डॉक्टरांशी नाही, पोलिसांशी नाही. बोललात ते एका घोडीशी. खरं ना?"

खोलीत कोणीतरी हसलं.

"खरं," द्रौपदी म्हणाली.

"मग आज ह्या साहेबांनी तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

"तुम्ही विश्वास ठेवू नका. प्रेस बघा. जाळीची भोकं अजून मशीनवर आहेत, चार. आजही तिथे एक पोरगा जाळीशिवाय बसलाय. आत्ता, मी बोलतेय तेव्हा. तो घरी नीट जावा असं वाटत असेल तर मला वेडी ठरवण्यात वेळ घालवू नका. आधी मशीन बंद करा, मग माझं डोकं तपासा."

कामगार खात्याच्या अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. क्षणभर मॅनेजरकडे पाहिलं आणि शिपायाला गाडी काढायला सांगितलं. तपासणी आजच, आताच.

वकील काही म्हणायला गेला, पण मागून आवाज आला. भिंतीशी उभा असलेला एक वयस्क कामगार टोपी काढून पुढे आला होता. त्याच्यामागे आणखी दोघे.

"साहेब," तो म्हणाला, "आमचीपण नावं लिहून घ्या."